टीव्हीवरची राजकीय बातमी कशी तपासायची: नवख्यांसाठी पायऱ्या

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर निकाल दिला. त्या एका निकालात बरंच काही होतं. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता. शिंदे गटाच्या प्रतोदाला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नव्हतं. आमदारांच्या अपात्रतेचा फैसला अध्यक्षांनी वाजवी मुदतीत करायचा होता.

आता यावर 'शिंदे सरकार वाचलं' अशी ठळक ओळ लावली तर ती खरी आहे. 'राज्यपाल चुकले, कोर्टाचे ताशेरे' ही ओळही तितकीच खरी. पण एका घरात पहिली ओळ दिवसभर दिसली आणि शेजारच्या घरात दुसरी, तर त्या दोन घरांत दोन वेगळे निकाल लागलेले असतात.

बातमीची चौकट म्हणतात ती हीच. खोटेपणा पकडायची सवय इथे फारशी कामाला येत नाही, कारण बहुतेक वेळा खोटं काही नसतंच. चार खऱ्या गोष्टींतली कोणती वर घेतली, कर्ता कोणाला केलं, क्रियापद कोणतं लावलं, मागे दृश्य कोणतं फिरवलं, यात सगळं ठरतं. हे दिसायला लागावं म्हणून पुढच्या पायऱ्या. उदाहरणं मराठी वाहिन्यांची आणि महाराष्ट्राच्या राजकारणाची आहेत, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी तयारी

एक आठवडा, एक विषय, तीन वाहिन्या. यापेक्षा जास्त पसारा मांडला की तिसऱ्या दिवशी वही बंद होते. तीनपैकी एक दूरदर्शन सह्याद्री ठेवा. तिथे पार्श्वसंगीत कमी, विशेषणं कमी, त्यामुळे तुलनेला सपाट जमीन मिळते. ती सरकारी वाहिनी आहे आणि मंत्र्यांचे कार्यक्रम तिथे आधी येतात, हेही लक्षात असू द्या. उरलेल्या दोन खासगी घ्या, वेगवेगळ्या मालकांच्या.

तिन्हींचं बुलेटिन एकाच वेळेचं हवं. सकाळी दहाला आलेली बातमी आणि रात्री नऊची बातमी यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही, मधल्या अकरा तासांत घटनाच पुढे गेलेली असते. यूट्यूबवर बुलेटिन मागे सरकवून बघता येतं, थांबवता येतं, त्यामुळे तिथेच बघा. मात्र यूट्यूबवरचं शीर्षक आणि छोटं चित्र वेगळं नोंदवा. ते डिजिटल टीमचं काम असतं आणि प्रसारित बातमीपेक्षा एक पट्टी वरच्या सुरात असतं.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा, बोलणारा कोण, किती सेकंद, दृश्य कोणतं. 'जसाच्या तसा' हे महत्त्वाचं. आठवणीतून लिहायला गेलात की आपण नकळत वाक्य दुरुस्त करून टाकतो. स्क्रीनशॉट घेतले तर उत्तमच.

थोडी न्यूजरूमची भाषाही माहीत हवी. पडद्यावर खाली किंवा वर झळकणारी मोठी ओळ म्हणजे प्लेट किंवा बँड. अगदी तळाशी धावणारी पट्टी म्हणजे टिकर. नेत्याचं कापून घेतलेलं वाक्य म्हणजे बाइट. घटनास्थळावरच्या बातमीदाराशी अँकरने केलेली प्रश्नोत्तरं म्हणजे टिकटॅक, फोनवरून असेल तर फोनो. दृश्यांवर आवाज चढवून केलेली तयार बातमी म्हणजे पॅकेज.

नवख्याला हे माहीत नसतं की प्लेट बहुधा बातमीदाराने लिहिलेलीच नसते. बातमीदार नागपुरात किंवा मंत्रालयाच्या दारात उभा असतो. प्लेट लिहितो आउटपुट डेस्कवरचा, म्हणजे बातमी पडद्यावर मांडणाऱ्या विभागातला माणूस, काही मिनिटांत, मोजक्या अक्षरांत बसवून. म्हणून टिकटॅकमध्ये बातमीदार 'अद्याप अधिकृत दुजोरा नाही' असं सांगत असतो आणि त्याच्याच छातीवर 'युती तुटणार!' झळकत असतं. ही विसंगती दिसली की वहीत खूण करा.

पहिली पायरी: आवाज बंद करून बघा

पहिल्यांदा पूर्ण बुलेटिन आवाजाशिवाय. फक्त प्लेट वाचा, दृश्य बघा. तीन गोष्टी टिपा: एकच दृश्य किती वेळा फिरलं, 'फाइल फुटेज' (म्हणजे जुनं दृश्य) असा शिक्का होता का, आणि कोणत्या नेत्याचा कोणता चेहरा निवडला. प्रत्येक नेत्याची हसरी, त्रासलेली, कपाळाला हात लावलेली दृश्यं वाहिनीच्या संग्रहात असतात. त्यातलं कोणतं काढायचं हा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याला बातमीचा सूर आधीच ठरवून दिलेला असतो. धावत्या गाडीचं दार बंद होतानाचं जुनं दृश्य लावलं की 'नेता तडकाफडकी निघून गेला' असं न बोलता सांगून होतं.

मग उलट करा. पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. संगीत कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, ते लिहा. ढोल-नगाऱ्यांसारखा ठोका मारून सुरू होणारी बातमी नुसत्या शब्दांत वाचली तर कित्येकदा साधी बैठकीची असते.

दुसरी पायरी: क्रियापदं गोळा करा

राजकीय बातमीतलं बरंचसं काम बोलण्याच्या क्रियापदांवर चालतं. 'म्हणाले' आणि 'सांगितलं' ही दोन त्यातल्या त्यात साधी. बाकीची सगळी निवाडा देतात. 'स्पष्ट केलं' म्हटलं की बोलणारा खरं बोलतोय असं गृहीत धरलं जातं. 'दावा केला' म्हटलं की शंका येते. 'कबुली दिली' म्हटलं की गुन्हा ठरून मोकळा. एकाच आकडेवारीबद्दल मंत्री 'स्पष्ट करतात' आणि विरोधी पक्षनेता 'दावा करतो' असं आठवडाभर दिसलं तर चौकट सापडली. उलटही होतं, वाहिनी पाहून.

'खुलासा' या शब्दाकडे वेगळं लक्ष द्या. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. हिंदीत त्याचा अर्थ गौप्यस्फोट. अनेक मराठी वाहिन्यांना हिंदी भावंडं आहेत, मजकूर तिकडून घाईत येतो, आणि 'धक्कादायक खुलासा' असं झळकतं. प्रत्यक्षात संबंधिताने नुसतं स्पष्टीकरण दिलेलं असू शकतं. अशा वेळी बाइट ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग येतात टोला, हल्लाबोल, पलटवार, निशाणा, घरचा आहेर, कान टोचले. या शब्दांचा दोष असा की बोलण्यातला मुद्दा त्यांत विरघळून जातो. विरोधी आमदाराने पीकविम्याच्या थकलेल्या रकमेवर प्रश्न विचारला आणि प्लेट आली 'अमुकांचा तमुकांना खोचक टोला', तर पीकविमा पडद्यावरून गेला आणि दोन माणसांचं भांडण उरलं. यावर साधी चाचणी आहे: अशा प्रत्येक क्रियापदाच्या जागी 'म्हणाले' घाला आणि वाक्य पुन्हा वाचा. त्यानंतर काय म्हणाले हे सांगताच येत नसेल, तर बातमी नव्हतीच.

तिसरी पायरी: कर्ता शोधा

मराठीत कर्त्याला गायब करणं फार सोपं आहे. 'लाठीमार झाला.' 'वातावरण तापलं.' 'आंदोलन चिघळलं.' ही पूर्ण वाक्यं आहेत आणि कोणी काय केलं ते त्यांत नाही.

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी पोलिसांनी लाठीमार केला. त्याच घटनेत पोलीसही जखमी झाले आणि आधी काय घडलं यावर दोन्ही बाजूंची सांगण्याची तऱ्हा वेगळी होती. अशी बातमी किती तऱ्हांनी लिहिता येते बघा:

'पोलिसांचा आंदोलकांवर लाठीमार.'
'आंदोलकांची दगडफेक, पोलिसांचा लाठीमार.'
'अंतरवालीत पोलीस-आंदोलक आमनेसामने.'
'अंतरवालीत आंदोलनाला हिंसक वळण.'

पहिल्या ओळीत पोलीस कर्ते. दुसरीत दोघंही कर्ते, पण क्रम असा की दगड आधी आणि लाठी म्हणजे उत्तर. हा क्रम तपासून लावलाय की एका बाजूच्या सांगण्यावरून, ते बातमीत दिलेलं असायला हवं. तिसरीत दोघं समसमान होतात, हातात काठी कोणाच्या आणि अधिकार कोणाचा याला काही अर्थ उरत नाही. चौथीत माणूसच नाही, आंदोलन आपणहून वळलं. चौथ्या तऱ्हेची वाक्यं वहीत लाल शाईने लिहा. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, सरकारी यंत्रणेच्या कृतीबाबत ती जास्त सापडतील. प्रसिद्धिपत्रकाची भाषा अशीच असते आणि ती वाटेत कोणी बदलत नाही.

चौथी पायरी: नावांची यादी करा

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले. या एका कृतीला बंड, बंडखोरी, उठाव, फूट, गद्दारी अशी नावं मिळाली. 'उठाव' हा शिंदे यांच्या बाजूचा आवडता शब्द, 'गद्दारी' ठाकरे यांच्या बाजूचा. बातमीत हे शब्द अवतरणात, बोलणाऱ्याच्या नावासकट आले तर काहीच हरकत नाही. अँकरच्या तोंडी, अवतरणाशिवाय आले की वाहिनीने एका बाजूचा शब्द आपला केला.

पक्षांची नावं तपासताना तारखा हाताशी ठेवा, नाहीतर उगाच अन्याय होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवून दोन्ही गटांना तात्पुरती नावं दिली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी 'शिवसेना' हे नाव आणि चिन्ह शिंदे यांच्याकडे गेलं. राष्ट्रवादीच्या बाबतीत तसाच निर्णय ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवार यांच्या बाजूने झाला. म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये 'शिंदे गट' म्हणणं नेहमीचंच होतं, पण २०२४ मध्येही कोणी तसंच म्हणत असेल तर त्यामागे सवय आहे, सोय आहे की भूमिका, ते विचारायला हवं. 'उबाठा' हे एरवी 'उद्धव बाळासाहेब ठाकरे' याचं नुसतं संक्षिप्त रूप, पण विरोधक ते हिणवण्यासाठी वापरतात, त्यामुळे सूर ऐकून ठरवा.

मग नातेवाचक नावं. दादा, साहेब, ताई, भाऊ. पुण्यात किंवा बारामतीत कार्यकर्ते 'दादा' म्हणणारच. वाहिनीच्या प्लेटवर 'दादा नाराज' आलं की पाहणारा त्या घरातला होऊन जातो आणि त्या नेत्याच्या कामाचा हिशेब मागणं त्याला अवघड वाटू लागतं. जागा कमी पडते म्हणून दोन अक्षरं वापरतो, असं डेस्क सांगेल, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण मग सगळ्याच नेत्यांना दोन अक्षरं मिळतात का, ते मोजा.

घटनांनाही नावं चिकटतात. २३ नोव्हेंबर २०१९ चा 'पहाटेचा शपथविधी' आठवा. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली ती राष्ट्रपती राजवट. शपथ झाली सकाळी आठच्या सुमारास. 'पहाटे' हा शब्द राहिला, कारण त्यात गुपचूप हा अर्थ आपोआप येतो. तो अर्थ बरोबर होता असं तुमचं मत असू शकतं, पण तो घड्याळातून आलेला नाही.

पाचवी पायरी: एक प्लेट सोलून बघा

रोज एकच प्लेट घ्या आणि तिचे तुकडे करा. नमुन्यासाठी रचलेली ही ओळ:

'मोठी बातमी! अमुक नेते नॉट रिचेबल, वर्षावरच्या बैठकीला दांडी, महायुतीत ठिणगी? सूत्रांची माहिती'

'मोठी बातमी' काढा, ती वाहिनीची जाहिरात आहे. 'नॉट रिचेबल' म्हणजे बातमीदाराने फोन लावला आणि तो लागला नाही. किती वेळा लावला, स्वीय सहायकाला विचारलं का, हे सांगितलेलं नसतं. 'दांडी' म्हणजे येणं अपेक्षित असूनही मुद्दाम न येणं. पण निमंत्रण होतं का? त्या दिवशी नेत्याचा जाहीर दौरा दुसरीकडे होता का? दौऱ्याचा कार्यक्रम बहुधा आदल्या दिवशीच पत्रकारांकडे आलेला असतो, त्यामुळे ही माहिती डेस्ककडे असण्याची शक्यता मोठी. 'ठिणगी?' इथे प्रश्नचिन्हाने जबाबदारी झटकली. उद्या काहीच झालं नाही तर आम्ही नुसतं विचारलं होतं. 'सूत्रांची माहिती' हे शेवटी टांगलंय, त्यामुळे कोणत्या भागाला सूत्रांचा आधार आहे तेच कळत नाही.

सोलून उरलं काय? एक नेता एका बैठकीला नव्हता.

सूत्रांचा सरसकट तिरस्कार मात्र करू नका. मंत्रिमंडळ विस्तार, जागावाटप, तिकिटं यांच्या बातम्या नाव न सांगणाऱ्या माणसांशिवाय मिळतच नाहीत. चांगल्या बातमीदाराची सूत्रं निदान कुठल्या बाजूची आहेत हे तो सांगतो: 'काँग्रेसच्या निवड मंडळातल्या एका सदस्याने सांगितलं', 'मुख्यमंत्री कार्यालयातून कळलं'. नुसतं 'सूत्र' म्हटलं की ही बातमी बाहेर येण्यात कोणाचा फायदा होता ते झाकलं जातं. वहीत सूत्रांच्या बातम्यांना क्रमांक द्या आणि पंधरा दिवसांनी प्रत्येकीचं काय झालं ते समोर लिहा. वाहिनीचा आणि बातमीदाराचाही हिशेब यातून जितका स्वच्छ निघतो तितका दुसऱ्या कशातून निघत नाही.

सहावी पायरी: खेळ दाखवला की नियम?

हे सगळ्यात उशिरा लक्षात येतं, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

२०२२ च्या त्या दहा दिवसांत पडद्यावर एक आकडा होता: ३७. शिवसेनेचे ५५ आमदार, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. किती आमदार गुवाहाटीला पोचले, कोण विमानात बसला, कोण परत आला, यावर अखंड मोजणी चालू होती. सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांची 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' ही ध्वनिफीत आली आणि सगळा महाराष्ट्र हसला. त्या हसण्यात गैर काही नाही, ते वाक्य होतंच तसं. पण ३७ झाले की अपात्रता टळते, हा समज मोजणीबरोबर घराघरांत बसला. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, पूर्वी एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकलं. आता दोन तृतीयांशाला अर्थ आहे तो पक्षाचं दुसऱ्या पक्षात विलीनीकरण होत असेल तर. गुवाहाटीतले आमदार तर म्हणत होते की आम्हीच शिवसेना. मग ३७ या आकड्याचं काम नेमकं काय, हा प्रश्न क्रिकेटच्या धावफलकासारख्या त्या मोजणीत कोणाला विचारायला सवड नव्हती.

म्हणून प्रत्येक राजकीय बातमीसमोर एक अक्षर लिहा. 'ख' म्हणजे खेळ: कोण जिंकतंय, कोण नाराज, कोणाचा पत्ता कट, कोणाचा मास्टरस्ट्रोक. 'न' म्हणजे नियम किंवा निर्णय: कायदा काय, पैसा किती, कोणावर परिणाम. आठवड्याच्या शेवटी दोन्ही मोजा. पॅनेलवर घटनेचा अभ्यासक बसला म्हणून 'न' देऊ नका. त्याला 'सरकार टिकणार का?' एवढंच विचारलं असेल तर ते 'ख' मध्येच जातं.

याला लागूनच एक भेद आहे. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी १९९१ मध्ये टीव्हीच्या बातम्यांचे दोन प्रकार पाडले: एकेका प्रसंगापुरती बातमी आणि प्रश्नाचा मोठा संदर्भ देणारी बातमी. त्यांच्या प्रयोगांत गरिबीसारख्या प्रश्नावर प्रसंगापुरती बातमी पाहणारे लोक त्या व्यक्तीलाच जबाबदार धरण्याकडे झुकले. मोठा संदर्भ पाहणारे सरकार आणि समाजाकडे बघू लागले. आपल्याकडे शेतकरी आत्महत्येची बातमी घ्या. घर, अंगणात बसलेली बायको, फोटोला घातलेला हार, एवढ्यावर संपली की पाहणारा हळहळतो आणि चॅनेल बदलतो. कर्ज कोणत्या बँकेचं, हमीभाव किती, विकला कितीला, हे आलं तर मंत्र्याला प्रश्न जातो.

सातवी पायरी: कॅमेरा कोणाच्या ओट्यावर आहे?

कांद्याची बातमी यासाठी सर्वोत्तम. भाव चढले की 'कांद्याने रडवलं, गृहिणींचं बजेट कोलमडलं'. कॅमेरा मुंबईच्या मंडईत. भाव पडले की 'बळीराजा हवालदिल'. कॅमेरा लासलगावात. दोन्ही ठिकाणी जाणं बरोबरच आहे, पण एकक ऐका: किलोचा भाव सांगितला की बातमी खाणाऱ्याची, क्विंटलचा सांगितला की पिकवणाऱ्याची. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. 'भाव आटोक्यात आणण्यासाठी केंद्राचं पाऊल' आणि 'निर्यातबंदीने कांदा कोसळला' या एकाच निर्णयाच्या दोन बातम्या. चांगल्या बातमीत दोन्ही एककं एकत्र येतात आणि मधला फरक कोणाच्या खिशात जातो हेही विचारलं जातं. फार कमी वेळा दिसतं.

दुसरं उदाहरण 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचं. २०२४ मध्ये सुरू झालेली, महिना १,५०० रुपयांची. योजनेचं नावच नात्यावर बेतलेलं, त्यामुळे वाहिन्यांना ओवाळणी, भाऊबीज, रक्षाबंधनाची भेट हे शब्द आयते मिळाले. ओवाळणी भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. हे पैसे राज्याच्या तिजोरीतले आहेत. विरोधकांकडून आणि काही अँकरकडून येणारा 'रेवडी' हा शब्दही तितकाच झुकलेला, त्यात घेणारी बाई ओशाळवाणी होते. 'योजनेचा हप्ता' म्हटलं की कोणाचं काही बिघडत नाही. आठवडाभरात हे तीन शब्द किती वेळा आले ते मोजा.

रात्रीची चर्चा

चर्चेवर फार वेळ घालवू नका, एकदा साचा कळला की पुरे. पाहुण्यांची नावं लिहा आणि नावाखालचं पद तपासा. 'राजकीय विश्लेषक' म्हणून बसलेली व्यक्ती कोणत्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसलेली आहे का, हे पाच मिनिटांत सापडतं. मग अँकरचे प्रश्न लिहून काढा. 'तुम्ही माफी कधी मागणार?' या प्रश्नात चूक झाली हे आधीच ठरलंय. घड्याळ लावून प्रत्येकाला सलग किती सेकंद बोलू दिलं ते मोजा. एकूण वेळेपेक्षा सलग वेळ जास्त सांगते. आणि मधल्या खिडकीत कोणतं दृश्य सतत फिरतंय ते बघा. पाहुणे काहीही बोलोत, डोळ्यांसमोर तीच काही सेकंदांची फीत असते.

आकडे आले की

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७, सांगलीत अपक्ष. मतांच्या टक्केवारीत दोन्ही आघाड्यांमध्ये एक टक्क्याचंही अंतर नव्हतं. 'महायुतीचा सुपडा साफ' ही ओळ जागांची आहे, मतांची नाही. फक्त तीच पाहिली असेल तर सहा महिन्यांतच विधानसभेत भाजपच्या १३२ जागा आल्या तेव्हा माणूस चक्रावला असणार.

एक्झिट पोल दिसला की विचारा: जागा सांगताहेत की मतं, किती लोकांना विचारलं, आणि आकडा एक आहे की पल्ला. पल्ला असेल तर अँकर त्याचं कोणतं टोक उच्चारतो ते ऐका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू असताना आणि शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. म्हणून ते त्या संध्याकाळी एकदम कोसळतात, आणि प्रत्येक वाहिनीला आपला आकडा सर्वांत आधी हवा असतो.

इथे हमखास चुकतं

सगळ्यात मोठी चूक स्वतःचीच असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच त्या टीव्ही बातम्या इस्राएलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या प्रेक्षकांना दाखवल्या, तर दोघांनाही त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटतात. यावर उपाय म्हणजे जोडीने बघणं. वेगळ्या पक्षाला मत देणारा मित्र किंवा सासरेबुवा शोधा, दोघांनी वेगवेगळ्या वह्या लिहा, शेवटी ताडून बघा. दोघांच्याही वहीत आलेली खूण पक्की समजा.

दुसरी चूक, एका बुलेटिनवरून 'चॅनेल विकलं गेलंय' असा निकाल देणं. त्या दिवशी डेस्कवर नवा माणूस असू शकतो, विरोधी नेत्याने बाइट नाकारलेला असू शकतो, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन दुसऱ्या शहरात अडकलेली असू शकते. तोच कल दोन-तीन आठवडे, वेगवेगळ्या अँकरकडे दिसला तर बोला.

मालकी नोंदवून ठेवा, पण तिच्यावरून थेट निष्कर्ष काढू नका. न्यूज१८ लोकमतच्या मागे रिलायन्सचा नेटवर्क१८ समूह आणि लोकमत समूह आहेत. एनडीटीव्हीचा ताबा डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेला, मराठी वाहिनी त्यानंतरची. साम टीव्ही सकाळ समूहाची. मालकीचा उपयोग एवढाच की मालकाच्या उद्योगाशी किंवा नातलगांशी संबंधित बातमी आली, की त्या दिवशी ती वाहिनी जास्त बारकाईने बघायची. कोणती बातमी तिने घेतलीच नाही हे कळायला त्या दिवशी दुसरी वाहिनी उघडावी लागते.

भडकपणाचं कारण बहुधा मालकापेक्षा गुरुवारी सापडतं. कोणती वाहिनी किती पाहिली गेली हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आठवड्याचे आकडे त्या दिवशी येतात. वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बंद होते. ते पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरासरीने, म्हणजे एका दिवसाच्या गोंगाटाचा फायदा कमी व्हावा म्हणून. गोंगाट कमी झाला का, ते तुमची वही सांगेल.

तक्रार करायची तर

शब्द आवडला नाही म्हणून केलेली तक्रार टिकत नाही. जुनं दृश्य 'फाइल' न लिहिता आजचं म्हणून दाखवलं, आरोपीला दोषी म्हटलं, बाइट कापल्याने अर्थ उलटा झाला, अशा गोष्टी टिकतात. तक्रार आधी वाहिनीकडे. बहुतेक वाहिन्यांच्या संकेतस्थळावर तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो. प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत पाठवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एनबीडीएसए या स्वनियमन प्राधिकरणाकडे जाता येतं. वाहिनी त्यांची सदस्य आहे का ते आधी बघा, नसेल तर ती कोणत्या संस्थेत आहे ते शोधा. निवडणुकीच्या काळात पैसे देऊन छापून-दाखवून आणलेल्या बातमीचा संशय असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातली माध्यम प्रमाणन व देखरेख समिती हे ठिकाण.

तक्रारीत चार गोष्टी हव्यात: तारीख आणि मिनिटासह वेळ, कार्यक्रमाचं नाव, प्लेटवरचा किंवा तोंडचा मजकूर शब्दशः, आणि खरं काय याचा पुरावा. अँकरच्या हेतूबद्दल एक अक्षरही लिहू नका, सगळी चर्चा तिकडेच वळते. वाहिन्यांना प्रसारणाचं ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं, त्यामुळे 'असं दाखवलंच नव्हतं' हे उत्तर त्या मुदतीत चालत नाही. यूट्यूबवरची फीत मात्र त्याच रात्री उतरवू शकतात, म्हणून स्क्रीनशॉट आधी, तक्रार मग.